भरलेल्या धरणाखालचा मळा

कलिंगडं जळाली, मळा बंद पडला आणि भिकाजी-कृष्णाबाईची खोली गेली.

असं काही झालं नाही. जानेवारी दोन हजारमध्ये तर नक्कीच झालेलं नव्हतं, आणि पुढे ज्याला ज्याला विचारलं तो प्रत्येक जण नाहीच म्हणाला. तेव्हा आपणही नाही म्हणू आणि जरा आधीपासून सुरुवात करू.

अमिरातीतल्या फुजैराच्या वरच्या अंगाला डोंगर आहेत. रंग करपलेल्या भाकरीचा, आणि झाडं म्हणाल तर काटेरी, एकमेकांशी अबोला धरल्यासारखी लांब लांब उभी. त्या डोंगरातून वादी उतरते. वादी म्हणजे नदीच. काठ आहेत, गोटे आहेत, वळणं आहेत, नाव आहे, फक्त पाणी नाही. तिच्यावर सरकारने दगडमातीचा बांध घातला होता, त्याला सगळे धरण म्हणत. पावसाचं पाणी अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि खालच्या मळ्यांनी ते विहिरीतून उपसायचं, असा बेत होता. बेत वर्षभर तयार असे. पाऊस मनात आलं तर येई.

धरणाच्या पायथ्याशी अरबाबचा, म्हणजे मालकाचा मळा. खजुरीच्या रांगा, मधे भाजीचे वाफे, एक पंपघर, शेळ्यांचा गोठा आणि गोठ्याला चिकटून एक खोली. त्या खोलीत भिकाजी आणि कृष्णाबाई. भिकाजी मळ्यावरच्या मजुराच्या व्हिसावर आलेला, कृष्णाबाई अरबाबच्या आईच्या सेवेला. म्हातारी वारली तेव्हा कृष्णाबाईची बदली शेळ्यांकडे झाली. कामात फारसा फरक पडला नाही, शेळ्या कमी ओरडत एवढंच. पंपघरात हमदुल्ला राही, पेशावरकडचा पठाण. तो पंप चालवी आणि पंप चालत नसला की पंपाला शिव्या देई.

नवरा-बायको एका खोलीत राहतात अशी मजुरांतली त्या टापूतली ही एकच जोडी. बाकीच्यांच्या बायका फोटोत. कुणी दुबईतल्या अल क्वोजच्या कॅम्पातून, कुणी शारजाच्या वर्कशॉपातून, रत्नागिरीकडचे गडी सुटीच्या शुक्रवारी टॅक्सी भरून मळ्यावर येत. कृष्णाबाईच्या हातच्या कुळथाच्या पिठल्यासाठी येतो, असं सांगत. खरं तर एक बाई नवऱ्याला ओरडते आहे, एवढं ऐकायला येत. जेवून, हात धुऊन, भिंतीला टेकून गप्प बसत आणि ऐकत.

"अवो, तो पाट फुटलाय, तुमी बसलाव काय म्हाराजावानी?"

"उठतंय गो."

गडी माना डोलावत. एकाच्या डोळ्यांत पाणी येई. तो कांद्याला दोष देई.

नवरा-बायकोला परत गावी जायची सोय नव्हती. त्यांचं गाव धरणाखाली गेलं होतं. मोठ्या, खऱ्याखुऱ्या, बारमाही भरलेल्या धरणाखाली. बदल्यात कातळावर एक प्लॉट मिळाला होता. त्यावर घर बांधायला पाणी नव्हतं, कारण पाणी सगळं गावावर उभं होतं.

डिसेंबरात अरबाब जीप घेऊन आला. दोन पावसाळे कोरडे गेले होते, विहीर खोल गेली होती. त्याने खाली न उतरता काचेतून विचारलं, "पानी फी?"

पाणी आहे का, असा त्याचा अर्थ. भिकाजी म्हणाला, "माफी, अरबाब." नाही.

अरबाबने बोटाने हिशेब सांगितला. पानी माफी, तर शुगल माफी. काम खलास. भिकाजी दुबईत, अरबाबच्या चुलतभावाच्या गोदामात. कृष्णाबाई शारजात, अरबाबच्या बहिणीच्या घरी. शेळ्या बाजारात. तिघांची सोय एकाच वाक्यात लागली. मार्चपर्यंत बघू, इन्शाल्ला, म्हणून जीप निघून गेली.

आणि जानेवारीत पाऊस पडला.

सकाळपासून डोंगर काळे झाले, दुपारी वादीतून आधी आवाज आला, मग वारा, मग पाणी. गढूळ, गोट्यांना गोटे आपटत येणारं पाणी. वरच्या वस्तीतला एक फ्रीज उभ्याने तरंगत आला, दार बंद ठेवून, सभ्य माणसासारखा. हमदुल्ला गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून हसत होता. संध्याकाळपर्यंत धरण काठोकाठ भरलं.

दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईने ट्रंक उघडली. नव्या पाण्याची ओटी भरायची, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दुबईच्या देरा भागातल्या दुकानातून आणलेला नारळ होता, तांदूळ होते, हळदकुंकू होतं, आणि एक हिरवा खण होता तो तिने स्वतःसाठी ठेवलेला होता. तोही घेतला.

दोघं बांधावर गेले. चिखलात भिकाजीची चप्पल राहिली, ती काढताना दुसरी राहिली.

"हितं सोडू?" त्याने विचारलं.

"हितं नको. पानी वाहतं हाय, ओटी खडकावर आपटंल. त्या हिरीत सोडा. थितं शांत हाय."

विहीर म्हणजे बांधाच्या आतल्या अंगाची काँक्रीटची उभी नळी. आत लोखंडी पायऱ्या, तळाशी भोकं, त्यातून धरणाचं पाणी आत येई आणि बाहेरच्या पातळीला उभं राही. वर पत्र्याची पेटी होती. पेटीत घड्याळावर फिरणारा कागद, कागदावर पेन, पेनाला तार, आणि तारेच्या टोकाला खाली पाण्यावर तरंगणारा डबा. पाणी चढलं की डबा चढे, पेन चढे. पाणी उतरलं की सगळं उतरे. पाणी मोजणाऱ्या कंपनीने पेटीची किल्ली भिकाजीकडे दिली होती. घड्याळाला चावी द्यायची आणि भरलेला कागद ड्रायव्हरकडे सोपवायचा, एवढं त्याला शिकवलं होतं. खालच्या नळीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. त्याच्या लेखी ती विहीर होती. सरकारने विहिरीवर पेटी ठेवली, ठेवू दे. सरकार कुठेही पेटी ठेवतं.

"हीर सरकारी हाय," तो म्हणाला तरीही.

"आनि धरन तुमच्या बापाचं?"

तो पायऱ्या उतरला. ओटी सोडणार तोच वरून कृष्णाबाई म्हणाली, "टाकू नका. ओटी टाकायची नसते, द्यायची असते. नीट बांधा, तरंगत भलतीकडं जायला नको."

आत एक तार लोंबत होती. पोहऱ्याची असावी, असं त्याला वाटलं. त्याने खणात नारळ नि तांदूळ घट्ट गुंडाळले, खणाचं एक टोक तारेला बांधलं, दुसरं लोखंडी पायरीला. बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली, जी ओढली की आवळते. मग हात जोडले. कृष्णाबाईने वरून जोडले. पेटीत पेन धरणाच्या पूर्ण पातळीवर उभं होतं, ते तिथेच उभं राहिलं.

इकडे दुबईतल्या ऑफिसात उपेंद्र नावाचा पुण्याचा इंजिनिअर त्या मोसमाच्या पाण्याचा अंदाज करत होता. सालाचे आकडे बदलले की कॉम्प्युटर वेडे होतील, या भीतीने कंपनीने जुना प्रोग्रॅम टाकून नवा घेतला होता. नवा कुठल्यातरी थंड देशाचा. तो आधी धरणातलं पाणी विचारी आणि मग डोंगरावरचा बर्फ. उपेंद्रने शून्य लिहिलं. माहिती अपुरी आहे, असं प्रोग्रॅम म्हणाला. त्याने रकाना मोकळा सोडला. प्रोग्रॅम बंद पडला. वरच्या साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, कमीत कमी जे घेईल ते टाक. प्रोग्रॅमने कमीत कमी एक बोट बर्फ घेतला. तेवढा त्याने सगळ्या डोंगरांवर पसरला आणि एप्रिलात वितळवला.

फेब्रुवारीत उपेंद्र स्वतः मळ्यावर आला. बांधाकडे जाणारा रस्ता पुराने तोडला होता आणि त्याचे बूट नवे होते, म्हणून तो मळ्यातच थांबला. कृष्णाबाईने चहा दिला. मराठी बोलणारं माणूस म्हणून साखर जास्त घातली.

"काका, एक विचारू? इथे वर बर्फ वगैरे पडतो का हो कधी?"

भिकाजीने डोंगराकडे बघितलं, मग पाहुण्याला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, "मी आल्यापासनं तरी नाय."

"नाही, बेसिकली सिस्टिमला लागतो. ते जाऊ दे. पाणी मात्र फँटास्टिक आहे. रेकॉर्डरची लाइन एकदम फ्लॅट. एक इंचही उतरलेलं नाही."

भिकाजीने पाहुण्याचा रिकामा कप उचलला. तो सकाळीच बांधावर गेला होता. पाणी उतरून अर्ध्यावर आलं होतं आणि फ्रीज काठावर आडवा पडला होता.

तेवढ्यात अरबाब आला. इंजिनिअरला म्हणाला, "मुहंदिस, पानी फी?"

"फी, फी," उपेंद्र म्हणाला. "फुल्ल. एप्रिल में और आएगा."

अरबाबने भिकाजीच्या पाठीवर थाप मारली. मळ्यावर आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, पडीक तुकडाही घ्या, सगळीकडे कलिंगड लावा. खोली राहील. शेळ्याही राहतील. यल्ला, लागा कामाला.

गाड्या गेल्या. दोघं ओट्यावर बसले.

"तुमी बोल्लाव का नाय?" कृष्णाबाईने विचारलं.

"काय बोलू? इंजिनेर हाय तो. त्याची लाइन हाय."

"धरन निम्मं झालंय."

"त्यो म्हनतो भरलंय."

गोठ्यात शेळी खोकली. मग कृष्णाबाई म्हणाली, "म्हनतो ना भरलंय? मग ऱ्हाऊ दे भरलेलं. आपून कशाला रिकामं करायचं?"

आणि दोघं कामाला लागले.

पडीक तुकडा दगडाने भरलेला होता. भिकाजी पहारीने दगड उकरी, कृष्णाबाई घमेल्यात भरून मळ्याच्या कडेला टाकी. पहारीचे धक्के त्याच्या खांद्यात जाऊन बसत आणि जेवताना घास तोंडापर्यंत नेताना हात थरथरे. तो थरथरणारा हात ती बघत नसल्यासारखं करी आणि भात जरा सैल करून वाढी. हमदुल्लाने पाण्याच्या काळ्या नळ्या अंथरल्या. नळीला जिथे जिथे भोक, तिथे कृष्णाबाई वाकून बी टोची. वाकलेली उठताना कमरेला दोन्ही हात लावून आधी आकाशाकडे शिवी देई, मग उभी राही. तिच्या टाचांच्या भेगांत खारी माती बसली होती. संध्याकाळी ती गोडेतेल लावी आणि भिकाजी म्हणे, फोडणीचा वास येतोय.

वेल आले. वीतभर झाले, हातभर झाले, पिवळी फुलं आली. शुक्रवारचे गडी वेलांमधून फिरले. पोटच्या पोराकडे बघावं तसे बघत फिरले.

मार्चात धरणाच्या तळाला भेगा पडल्या. अरबाब आला की भिकाजी त्याला मळ्याच्या खालच्या टोकाला नेई, जिथून बांधाची फक्त बाहेरची बाजू दिसे. पेटीत पेन काठोकाठ भरलेलं धरण काढत होतं. ड्रायव्हर कागद नेत होता.

मग एका सकाळी हमदुल्लाने पंपाच्या तोंडाशी ओंजळ धरली, चाखली आणि थुंकला. "भीकू चाचा, ये पानी नहीं है. ये समुंदर का बच्चा है."

भिकाजीने चाखलं. खारट, आणि शेवटी कडू. "बंद कर पंप."

"बंद करेगा तो वेल मरेगा. चालू रखेगा तो भी मरेगा. तुम बोलो, किससे मारूँ."

भिकाजी बाकाल्यावर, म्हणजे फाट्यावरच्या मल्याळ्याच्या दुकानात गेला आणि कार्ड घालून उपेंद्रला फोन लावला. त्याने दोन महिन्यांत मनात घोळवलेलं एका दमात सांगितलं. "सायेब, धरनात पानी नाय. थेंब नाय. हीर खारी झाली."

"काका, रेकॉर्डवर आहे ना पण."

"मी थितं उभा ऱ्हाऊन आलोय, सायेब."

"तुमचं बरोबर असेल हो. पण रिपोर्ट गेलाय ना वरती. आता एप्रिलचं मेल्ट येऊ दे, मग रिवाइज करू. जरा कळ काढा."

कसली कळ, हे भिकाजीला समजलं नाही. त्याने खोलीवर येऊन सांगितलं, "एप्रिलात येनार म्हनतो."

"काय?"

"काय ते इचारलं नाय."

वेलांची पानं कडेने आत वळत गेली, भाजलेल्या पापडासारखी. दोघं खजुरीच्या टाकीतलं उरलंसुरलं गोडं पाणी डब्याने आणून एकेका वेलाच्या मुळाशी घालत. कृष्णाबाईने अंघोळ सोडली. शेळ्यांचं पाणी निम्मं केलं. एका वेलावर एक कलिंगड धरलं होतं, नारिंगाएवढं. त्याच्यावर तिने आपला पदर फाडून टाकला. तिसऱ्या दिवशी पदराखाली ते मऊ पडलं होतं.

एप्रिलात कंपनीची माणसं पाणी वाढताना बघायला आली. दोन मोठ्या गाड्या, वरचा गोरा साहेब, कॅमेरा, सावलीसाठी छत्री. सगळे बांधावर चढले आणि रांगेत उभे राहून भेगाळलेल्या तळाकडे बघत राहिले. फ्रीजमध्ये कुणाची तरी शेळी उभी होती. मग साहेबाने पेटी उघडली. पेन काठोकाठ होतं. त्याने नळीत वाकून बघितलं.

बाहेर आली ती हिरव्या खणातली ओटी. नारळ तडकला होता, तांदूळ उंदरांनी नेले होते, गाठ तशीच होती. ती सुटेपर्यंत खाली डबा फासावर गेल्यासारखा हवेत लटकत होता.

साहेबाने इंग्रजीत विचारलं, हे काय?

उपेंद्रने ओळखलं होतं. त्याच्या आईने अशी ओटी आयुष्यभर भरली होती. तो म्हणाला, "लोकल फ्रूट, सर."

ज्याने आत उतरून खण कापून ती सोडवली होती त्या माणसाने ती ओटी बाजूला भिरकावली. कृष्णाबाई बांधाखाली उभी होती, ती चढून आली. ओटी उचलली, माती झटकली, कपाळाला लावली. सगळ्यांदेखत. कॅमेरावाल्याने तिचा एक फोटो काढला.

उपेंद्र भिकाजीजवळ सरकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "काका, हे तुम्ही केलंत?"

"व्हय."

"कुणाला बोलू नका. मीही बोलणार नाही. नाहीतर दोघंही जाऊ."

रिपोर्टात काय गेलं ते उपेंद्रनेच नंतर फोनवर सांगितलं, जरा खुशीत. यंत्र निर्दोष होतं. अंदाज निर्दोष होता. धरणाचं वर्तन मात्र त्या वर्षी अपवादात्मक होतं. ओटी कुठेच नव्हती, त्यामुळे ती बांधणाराही नव्हता, त्यामुळे कुणाला शिक्षाही झाली नाही. त्याला स्वतःला मोठ्या केबिनमध्ये बसवलं होतं.

अरबाबने वेल बघितले, पायाने एक उपटला. रागावला नाही. "खलास," म्हणाला, डिसेंबरात म्हणाला होता त्याच आवाजात. शेळ्यांचा टेंपो आधी आला. मग शारजाची गाडी.

कृष्णाबाईने खोली झाडून घेतली. रिकामी खोली कशाला झाडतेस, असं भिकाजी म्हणाला. ती म्हणाली, "मग काय घान ठेवून जाऊ? लोकं काय म्हनतील?" लोक म्हणजे हमदुल्ला होता आणि तो पंप खोलत पाठ करून बसला होता. गाडीत बसताना तिने भिकाजीला बजावलं, अंगाला तेल लावा, पहारीचा खांदा उघडा टाकून झोपू नका, कुनी विडी दिली तरी घेऊ नका. गाडी फाट्याला वळेपर्यंत ती बजावत होती. काच लागल्यावर फक्त तोंड हलत होतं.

भिकाजी अल क्वोजला आला. पाइपांचं गोदाम, लोखंड तापलेलं, हातमोजे एकाच हाताचे. खोलीत वरखाली पलंग. शुक्रवारी मळ्यावर येणारे गडी तिथेच होते. पहिल्या रात्री त्यांनी त्याला खालचा पलंग दिला आणि काही विचारलं नाही. मळ्यावर आता कुणी जात नव्हतं.

शुक्रवारी तो शारजाला जाई. अरबाबच्या बहिणीचं घर मोठं होतं, फाटक बंद. कामवालीला भेटायला पुरुष आलेला चालत नसे. हा नवरा आहे, हे सांगायला कागद लागे, आणि कागद अरबाबच्या कपाटात पासपोर्टांबरोबर होते. कृष्णाबाई कचरा टाकायला बाहेर येई तेवढी भेट. ती झाकण उघडून धरी आणि दोघं डब्याच्या दोन बाजूंना उभे राहत.

"जेवलाव?"

"जेवलो गो."

"काय?"

"डाळ."

"खोटं बोलू नका. अंगावरनं दिसतंय."

पण ती हळू बोलायची. आतल्या लोकांना आवाज चालत नव्हता. भिकाजीला ते सगळ्यात लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा हळू आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. तो परत आल्यावर गडी विचारत, वहिनी काय म्हणाली. तो म्हणे, ओरडली. ते बरं वाटून झोपत.

ऑगस्टात हमदुल्लाचा निरोप आला. धरणाच्या तळातला गाळ काढायचं सरकारने ठरवलं आहे, माणसं लागणार आहेत. भिकाजीने त्याच संध्याकाळी धनंजयला धरलं. धनंजय वरच्या पलंगावरचा, बी. ए. झालेला, गोदामात चिठ्ठ्या लिहायचा.

"अर्ज लिव."

"काका, कशात? मराठीत लिहून तिथं कोण वाचणार?"

"मराठीत लिवलेले गावाकडं तरी कोन वाचत व्हतं? लिव तू. मी सांगतंय."

भिकाजी भिंतीला टेकून बसला, डोळे मिटले आणि एकदाही न अडखळता सांगत गेला.

"मेहेरबान मुख्य अभियंता साहेब, धरण खाते, यांचे सेवेसी. विषय : गाळ काढणेचे कामी जोडप्याने घेणेबाबत. महोदय, वरील विषयी अर्ज करतो की, सदर धरणाचे तळातील गाळ काढणेस अर्जदार व अर्जदाराची पत्नी कृष्णाबाई असे दोघेही तयार आहोत. दोघांत मजुरी एकाचीच द्यावी, त्याबद्दल तक्रार राहणार नाही. मात्र खोली एक द्यावी. खोली शिल्लक नसल्यास धरणाचे आतील बाजूस, कोरड्या जागेत, एक झोपडी बांधणेस परवानगी मिळावी. तेथे आसपास वस्ती नसल्याने पत्नीचे बोलणेचा आवाज कोणासही त्रासदायक होणार नाही. गाळ काढून संपल्यास तो पुन्हा साठेपर्यंत आम्हांस तेथेच राहू द्यावे. पाणी आल्यास आम्ही आपण होऊन उठू. तरी मेहेरबान साहेबांनी सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, योग्य तो आदेश होऊन मिळावा, ही नम्र विनंती."